घोडेगावमार्गे परदेश

माझं नाव कोमल. हे नाव ठेवणाऱ्या आत्याविरुद्ध मी कधी पत्रक काढलं नाही, कारण आत्या लवकर गेली आणि गेलेल्या माणसाचा निषेध करायचा नाही एवढी एकच मर्यादा मी पाळत आले. बाकी कुणाला सोडलं नाही. नगरला कॉलेजात असताना आमच्या विद्यार्थी संघटनेची सगळी पत्रकं मीच लिहायची, एसटीच्या पासापासून वसतिगृहाच्या आमटीपर्यंत. 'ही आमटी की नळाचं पाणी?' हे शीर्षक माझंच. शीर्षकात प्रश्नचिन्ह, मधे मागण्या आणि शेवटी 'अन्यथा'. त्या 'अन्यथा'च्या पुढे काय होणार हे आम्हालाही कधी माहीत नसायचं, पण ते आम्हाला माहीत नाही हे प्राचार्यांना माहीत नसायचं, त्यावर चळवळ चालायची. अशात कॉलेजने नोटीस लावली: नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात दोन आठवड्यांचा व्यवसाय-अभ्यासक्रम, परदेशात व्यापार कसा चालतो ते प्रत्यक्ष बघायची संधी. नोटिशीखाली ज्यांनी नावं दिली ती सगळी बंगलेवाल्यांची पोरं. मी त्याच दुपारी लिहायला बसले. 'परदेशाचा रस्ता फक्त बंगल्यातूनच जातो काय?' मागणी अशी की एक जागा खेड्यातल्या विद्यार्थ्याला, परीक्षा घेऊन, फुकट मिळालीच पाहिजे. अन्यथा.

प्राचार्यांनी आम्हाला दारात बसून घोषणाही नीट देऊ दिल्या नाहीत. चहा मागवला आणि मागणी मान्य केली. परीक्षा झाली. खेड्यातली बाकीची पोरं "हे काय खरं नसतं" म्हणून आलीच नाहीत, आली त्यांत मी पहिली. आमच्या संघटनेचा सचिव मला म्हणाला, "कोमल, मागणी मान्य झाली की कार्यकर्ता घरी जातो. तू तर विमानात बसायला निघालीस." मी त्याला विचारलं, मान्य झालेली मागणी वापरायची नाही असा ठराव कुठल्या बैठकीत झाला? पण मला आतून लागलं होतं, हे कबूल करते. एक तर मला जायचं होतं, फार जायचं होतं. आणि दुसरं, मला कुणाच्या उपकाराखाली न येता, ताठ मानेनं जायचं होतं. या दोन गोष्टी एका पिशवीत मावत नाहीत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमचं गाव पारनेरकडं. नाव सांगत नाही. छापून आलं की अभिनंदनाचा फ्लेक्स लागेल. घरी आई, नाना म्हणजे माझे वडील, आणि मी. आईनं बातमी ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, "तिकडं खायला काय घालत्यात?" मी म्हटलं, पाव, चीज. आईनं 'चीज' हा शब्द एखाद्या आजाराचं नाव ऐकावं तसा ऐकून घेतला आणि कामाला लागली. त्या आठवड्यात आमच्या घरात दुसरा कुठला वास नव्हता. शेंगदाणे भाजून उखळात चटणी, लसूण तडतडलेला, गुळाच्या कापण्या, बाजरीच्या खारोड्या, तिळाचे धपाटे. उखळाच्या ठोक्यानं पलीकडची सखूकाकू उठून यायची आणि चव घेऊन सल्ला देऊन जायची. "तिखट कमी हाय. गोऱ्या मान्सांना बी घाल जरा, डोळ्यातनं पानी काढ त्यांच्या." नाना ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरगी बाहेर चालली." बाहेर म्हणजे कुठं, असं कुणी विचारलं की त्यांचं मन भरून यायचं. "लई बाहेर," ते म्हणायचे.

आणि मग फ्लेक्स लागला. आमच्या गावात बंटीभाऊ नावाचे एक युवा नेते होते. युवा ते किती वर्षं होते याचा हिशोब आता कुणी ठेवत नाही. 'वाढदिवसाचे फ्लेक्स हटवा, गावाचं तोंड दिसू द्या' हे पत्रक मी खास त्यांच्यावर काढलं होतं, आणि ते त्यांनी मनावर घेतलं नाही, कारण त्यांनी ते वाचलं नाही. तर एके सकाळी मी दूध घालायला गेले आणि वेशीवर बघते तो मीच. म्हणजे वर बंटीभाऊ, गॉगल लावून, फोन कानाला. त्यांच्याभोवती शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं. आणि खाली कोपऱ्यात, आधार कार्डावरचा माझा फोटो. 'उच्च शिक्षणासाठी न्यूझीलंडला रवाना होणाऱ्या गावच्या सुकन्येस हार्दिक शुभेच्छा.' मी तशीच दुधाची किटली घेऊन त्यांच्या घरी गेले.

"भाऊ, मी नेदरलँड्सला चालले आहे."

"मंग?"

"फ्लेक्सवर न्यूझीलंड आहे."

भाऊंनी दात घासता घासता विचार केला. "शेवटी लँड हाय ना? मंग आपलं लोकं समजून घेत्यात, ताई."

"आणि तुमचा ह्यात काय संबंध?"

"आता ताई, गाव माझं, तुमी गावच्या. संबंध कसा न्हाई?"

घरी येऊन मी नानांना म्हटलं, मी तो फ्लेक्स फाडणार. नाना पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "फाडशील तर बघ! आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घरातलं मानूस येशीवर लागलंय." फ्लेक्स राहिला. मग सत्कारही झाला. देवळासमोर मांडव, मला फेटा, शाल, नारळ. माझ्या भाषणात मी स्वच्छ सांगितलं की मी दोन आठवड्यांत परत येणार आहे, चालले आहे ती नेदरलँड्सला, आणि भाऊंचा त्यात काडीचाही संबंध नाही. तिन्ही वाक्यांना टाळ्या सारख्याच पडल्या. आमच्याकडे टाळ्या माणूस थांबला की पडतात, तो काय बोलला ह्याचा त्यांच्याशी संबंध नसतो. आज एवढी भाषणं केल्यावरही माझं हे मत बदललेलं नाही.

त्याच दिवशी मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. व्हिसा दोन दिवसांत हातात पडणार होता आणि तिथूनच पुढं सगळ्यांबरोबर निघायचं होतं. व्हिसा पडला नाही. कारण असं की माझ्या पासपोर्टावर वडिलांचं नाव ज्ञानदेव, आणि कॉलेजच्या पत्रात कुणीतरी शुद्ध मनानं ज्ञानेश्वर लिहिलेलं. तिकडच्यांना वाटलं ही दोन माणसं. मी फोनवरून नानांना सांगितलं तेव्हा ते खरोखर चिडले. "अगं एकच की ते! माउली म्हना, ज्ञानदेव म्हना, ज्ञानेश्वर म्हना. आळंदीला जाऊन इचार म्हनावं कुनालाबी!" प्रतिज्ञापत्र करून पाठवा, मग बघू, असं उत्तर आलं. बंगलेवाली पोरं विमानात बसली. त्यांचे फोटो आले. मी पुण्याच्या स्टँडवर सामोशाच्या गाडीशेजारी चटण्यांची पिशवी धरून उभी होते. तिकडच्या प्राध्यापक बाई मात्र भल्या. त्यांचं नाव योहाना. त्यांनी कळवलं, व्हिसा येईपर्यंत ऑनलाइन वर्गात बस, तुझी जागा तुझीच आहे. मी नानांना म्हटलं, मग घरी येते, घरूनच करते.

"खुळी का काय?" नाना हळू आवाजात म्हणाले. "अजून हाराची फुलं सुकली न्हाईत. लोकं काय म्हनतील? तू असं कर, घोडेगावला मामाकडं जा. व्हिसा आला की तिथनंच परस्पर जा."

"म्हणजे मी खोटं बोलायचं?"

"खोटं कुठं? तू गाव सोडलं का न्हाई? सोडलं. पुढं कुठं गेली ते बोलायचंच न्हाई."

मी तत्त्वाचा मुद्दा काढला. नाना म्हणाले, "कोमल, तुज्यासाठी न्हाई म्हनत. माझ्यासाठी म्हनतो." आणि फोन ठेवला. मी शंभर माणसांच्या मोर्चाला थांबवू शकले असते, त्या एका वाक्याला नाही. मी घोडेगावला गेले.

इथं ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घोडेगावचा जनावरांचा बाजार हा सगळ्या जिल्ह्यातला, जिल्ह्याबाहेरचाही, माणसांचा बाजार आहे. ज्याच्या दारात एक म्हैस आहे तो माणूस कधी ना कधी घोडेगावला येतोच. अशा ठिकाणी पोरीला लपवायचं हे फक्त माझ्या वडिलांना सुचू शकतं. रंगामामाचं दुकान तर बाजाराच्या तोंडालाच: दोर, कासरे, म्होरक्या, घंटा, घुंगरमाळा, सगळा जनावरांचा साज. दुकानावर पत्र्याचा माळा, तिथं माझं नेदरलँड्स. मामीनं आधी चटण्यांची पिशवी बघून तोंड फुगवलं. "माझ्या घरी डबा घेऊन आली? मी काय उपाशी मारते का तुला?" मग पिशवी उघडल्यावर कापण्या तिनंच संपवल्या. तिकडं सकाळ झाली की इकडं दुपारी वर्ग सुरू व्हायचा. मी कानाला हेडफोन लावून बसायची, खाली कुणी घंटा वाजवून बघायचं, कुणी घुंगरमाळ हलवायचं, टेम्पो मागं घेताना ड्रायव्हर पत्र्यावर थापा मारायचे, आणि पडद्यावरची वर्गातली सगळी तोंडं एकदम माझ्या चौकोनाकडे वळायची. पहिल्या दिवशी योहाना बाईंनी विचारलं, तुझ्याकडे चर्च जवळ आहे का? मी म्हटलं, नाही, म्हशी आहेत.

अभ्यास चांगला होता, उगाच नावं ठेवणार नाही. माल विकत घेताना काय बघायचं, भागीदाराशी भांडायचं कसं, भांडून झाल्यावर जेवायचं कसं. मी गटातल्या पोरांशी इतक्या जोरात चर्चा करायची की मामी खालून ओरडायची, "कोमे, गप की! गिऱ्हाईक बुजतंय!" मग वाटाघाटींचा पाठ आला. बाकीचे सगळे तिकडच्या फुलांच्या लिलावाला जाऊन आले होते. बाई मला म्हणाल्या, तुझ्या खिडकीखालून रोज जो बाजार ऐकू येतो, तो आम्हाला दाखव. सौदा कसा होतो ते बघू दे. माझं मन उड्या मारायला लागलं. नानांनी माळ्यावरून उतरायला बंदी घातलेली, पण मामी माझ्या बाजूनं होती. तिनं माझ्या तोंडाला स्कार्फ गुंडाळला, फक्त डोळे उघडे. आमच्याकडे असा स्कार्फ बांधून गाडीवर निघालेली पोरगी सख्ख्या बापालाही ओळखू येत नाही, आणि स्कार्फचा खरा उपयोगही तोच आहे.

बाजार भरलेला होता. शेणाचा, कडब्याचा, भज्यांच्या तेलाचा वास, रेडकांचं ओरडणं. मी फोन समोर धरून सांगत चालले, ही मुऱ्हा, ही जाफराबादी, हा दात बघतोय म्हणजे वय बघतोय. एका काळ्याभोर म्हशीपाशी सौदा चालला होता. आमच्याकडे किंमत तोंडानं बोलत नाहीत. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणारा हातात हात देतात, वरून टॉवेल टाकतात, आणि आत बोटं दाबून भाव होतो. बाहेर चेहरे असे, जणू दोघं एकमेकांची नाडी बघतायत. वर्ग थक्क झाला. एका पोरानं विचारलं, आत काय चाललंय? मी म्हटलं, ते कुणालाच कळत नाही. मग बाईंनी विचारलं, "मग बाकीच्यांना खरा भाव कसा कळणार? यात पारदर्शकता कुठे आहे?"

तो शब्द माझ्या डोक्यात गेला. पारदर्शकता! आमच्या कितीतरी पत्रकांत दुसरी मागणी तीच असायची. आणि माझ्यासमोर, माझ्या जिल्ह्यात, भर दुपारी, टॉवेलाखाली व्यवहार चालला होता. "हा व्यवहार उघड्यावर झाला पाहिजे!" असं मी म्हटलं आणि टॉवेल ओढला.

आजही माझं मत असं की तत्त्व बरोबर होतं, टॉवेल चुकीचा होता. दलालाचं तोंड असं झालं, जणू मी त्याचं धोतर फेडलं. "आरं कुनाची ही? सौदा नासवला! समद्या बाजारानं बोटं बघितली!" माणसं गोळा झाली. रंगामामा खांद्यावर घुंगरमाळा घेऊन छमछम करत पळत आला. आणि ज्याची तीन बोटं दलालाच्या मुठीत अजून तशीच होती, त्या घेणाऱ्यानं माझ्याकडे वळून बघितलं. गॉगल. बंटीभाऊ.

"हा आवाज..." ते म्हणाले. "कोमलताई?"

पडद्यावर माझा सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. त्यांना वाटलं, हे आमच्याकडचं लोकनाट्य आहे.

मी फोन बंद केला, स्कार्फ काढला आणि भाऊंना खरं काय ते सांगितलं. ते मला दुकानाच्या मागे, दोरांच्या ढिगाऱ्याआड घेऊन गेले. त्यांचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा फ्लेक्सशिवाय बघत होते. "ताई, वर जा. माळ्यावर बसा. मी काय बघितलंच न्हाई. दोन आठवडे झालं की या, मी दुसरा सत्कार लावतो, डीजे लावतो."

"आणि लोकांना काय सांगणार?"

"सांगायचं काय त्यात? लोकं मानत्यात. विरोधकांना कळलं की मी घोडेगावला बसलेल्या पोरीचा न्यूझीलंडचा फ्लेक्स लावला, तर माझी काय चव ऱ्हाईल?"

"मी आत्ताच्या आत्ता गावात येऊन स्वतः सांगणार."

"नानांचं काय व्हईल, ते बघा आधी," भाऊ म्हणाले. त्यांनी ते राजकारण म्हणून म्हटलं, पण ते खरं होतं. माझी अब्रू माझ्यापुरती. मी ती कधीच सांभाळलेली नव्हती. पण नानांनी त्या ओसरीवर बसून रोज काहीतरी सांगितलं असणार. मी खरं बोलले की ते खोटे ठरणार, आणि नाही बोलले तर मी जन्मभर त्या फ्लेक्सच्या कोपऱ्यात राहणार. मामानं दलालाला चहा पाजला, नवा टॉवेल आणून दोघांचे हात पुन्हा झाकले, सौदा पटला. म्हैस टेम्पोत चढली. भाऊंनी मला स्वतःच्या गाडीत घ्यायला साफ नकार दिला, त्यांना माझ्याबरोबर दिसायचं नव्हतं. म्हणून मी टेम्पोत बसले. सातासमुद्रापारून मी गावात आले ती अशी, मागे म्हैस, पुढे मी, आणि बऱ्याच अंतरावर युवा नेतृत्व.

ऊन उतरलं होतं. देवळासमोरच्या पारावर नेहमीची माणसं बसली होती आणि मधोमध नाना हात हलवून काहीतरी सांगत होते. मला टेम्पोतून उतरताना बघून त्यांचा हात हवेतच राहिला. मी पारावर चढले.

"मी परदेशात गेलेच नाही," मी म्हटलं. "व्हिसा आला नाही. मी घोडेगावला मामाच्या माळ्यावर होते. तिथून शिकत होते. नानांची काही चूक नाही. तुम्हा सगळ्यांना फसवलं असेल तर ते मी."

नानांनी मान खाली घातली. मग नानांशेजारी बसलेल्या पांडातात्यांनी तंबाखू मळता मळता म्हटलं, "म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"मागल्या बाजाराला मी गेल्तो कासरा घ्यायला. तुज्या मामाच्या दुकानात. वर माळ्यावर तू विंग्रजीत भांडत हुती."

"भांडत नव्हते, चर्चा करत होते."

"तेच ते. मी आल्या आल्या सांगितलं हितं समद्यांना."

"माझ्या भावानं बी बघितली तुला, गॅलरीत कपडे वाळत घालताना," सखूकाकू म्हणाली.

मी नानांकडे बघितलं. नाना तिच्याकडे बघत होते. "मंग तुमी मला कोन बोललं का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"का बोलायचं?" पांडातात्या म्हणाले. "पोरगी शिकत हुती, शिकू द्यावं. आन तू रोज सांजच्याला येऊन तिकडचं सांगायचा. परवा म्हनला, तिकडं गाईच्या पाठीला फिरता बुरूश लावत्यात, गाय आपली आपन खाजवून घेती. आमाला लई ग्वाड वाटायचं. आमी तर जेवनं लांबवायचो."

"बुरूश खरा आहे," मी म्हटलं. "ते मीच नानांना फोनवर सांगितलं होतं."

"आन पवनचक्कीत हापूस पिकवत्यात ते?"

ते मी सांगितलं नव्हतं. नाना घसा खाकरून म्हशीकडे बघायला लागले. सगळा पार हसला, आणि सगळ्यांत शेवटी नानाही. फक्त एक जण हसत नव्हता. गाडीतून नुकतेच उतरलेले बंटीभाऊ गॉगल काढून विचारत होते, "म्हंजे हे समद्यांना म्हाईत हुतं? मग मला कुनीच का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं," सखूकाकू म्हणाली, "तुमी नुसतं छापलं."

मी संतापून घरी आले. व्हिसा काही आला नाही, उरलेले वर्ग मी ओसरीवर बसूनच केले आणि प्रमाणपत्रही आलं, पण तो भाग महत्त्वाचा नाही. त्या संध्याकाळी मी कागद पुढं ओढला. सगळ्या गावानं मिळून खोटेपणा केला होता. वडिलांनी लोकांना फसवलं, लोकांनी वडिलांना, मामीनं स्कार्फ गुंडाळून बाजाराला, आणि सगळ्यांनी मिळून मला, जिनं ताठ मानेनं खरं बोलायचं ठरवलं होतं. मी वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जाहीर निषेध!' आणि खाली कुणाचा ते लिहायला पेन टेकवलं. पांडातात्यांचा? जेवणं लांबवणाऱ्यांचा? नानांच्या हापूसचा? माझ्या आयुष्यातलं ते एकच पत्रक, जे शीर्षकाच्या पुढं गेलं नाही. मी तशीच बसून राहिले. आत तव्यावर भाकरी फुगली होती, आणि आईनं दोनदा हाक मारल्यावरही मी हलले नाही तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"ऊठ, जेव आधी," ती म्हणाली. "निषेध काय, गार झाला तरी चालतो."